परदेशातील घराची ऊब आणि तिचा हिशेब

सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, मुंबई या भागांतील अनेक जैन कुटुंबांची मुले-मुली आज ब्रिटनमध्ये स्थिरावत आहेत. प्रारंभीची काही वर्षे भाड्याच्या घरात काढल्यावर ती गृहकर्ज काढून लेस्टर, बर्मिंगहॅम, हॅरो अशा ठिकाणी स्वतःचे घर घेतात. घराची किंमत, व्याजाचा दर, कर्जाची मुदत यांवर इकडची आणि तिकडची मंडळी फोनवर तासन्‌तास चर्चा करतात. मात्र पहिला हिवाळा आला की असा एक खर्च समोर उभा राहतो, ज्याची चर्चा कोणीच केलेली नसते. तो म्हणजे घर उबदार ठेवण्याचा खर्च.

यात नवल नाही. विहिरीवर कोणता पंप बसवावा, छपराला कोणता पत्रा घालावा, हे आपल्याकडील वडीलधारी माणसे डोळे मिटून सांगतील. रेडिएटर कसा निवडावा, हे ज्ञान मात्र आपल्या कोणत्याच पिढीने पुढच्या पिढीला दिलेले नाही. त्यामुळे नवे घरमालक दोनपैकी एक चूक करतात. काही जण दुकानात स्वस्त दिसेल ते उचलतात आणि पुढे वर्षानुवर्षे गॅसचे वाढीव बिल भरतात. काही जण घाबरून बॉयलरसकट सगळीच यंत्रणा बदलतात आणि जे काम काहीशे पौंडांत झाले असते त्यासाठी हजारो पौंड मोजतात. मोजमाप आधी आणि खरेदी नंतर, एवढा क्रम सांभाळला तर या दोन्ही चुका टळतात.

घर तापते कसे

ब्रिटनमधील बहुसंख्य घरांत गॅसवर चालणारा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी पाईपांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये फिरवतो आणि निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे परतते. रेडिएटर म्हणजे पोलादी पत्र्याची पोकळ, चपटी पेटी. तिच्या पाठीमागे बहुधा पन्हळी पत्रे जोडलेले असतात. त्यांच्यामधून थंड हवा खालून शिरते आणि तापून वर निघते. अशा रीतीने खोलीतील हवा हळूहळू फिरत राहते.

या यंत्रणेची तीन अंगे आहेत. बॉयलर उष्णता निर्माण करतो, रेडिएटर ती खोलीत सोडतो आणि नियंत्रणे ती केव्हा, कोठे व किती सोडायची हे ठरवतात. लोकांचे लक्ष प्रथम बॉयलरकडे जाते, कारण तो सर्वांत महाग असतो. बचतीची संधी मात्र बहुतेक वेळा उरलेल्या दोन अंगांत दडलेली असते.

खरेदीपूर्वी दुरुस्ती

एखादा रेडिएटर नीट तापत नसेल तर तो निकामी झाला असे समजण्याचे कारण नाही. हाताने चाचपून बरेच कळते. रेडिएटर वरच्या बाजूला थंड आणि खाली गरम असेल तर आत हवा साठलेली असते. कोपऱ्यातील छोट्या तोटीला किल्ली लावून ती हवा सोडता येते आणि ही किल्ली अगदी थोड्या पैशांत मिळते. हवा सोडल्यावर यंत्रणेतील पाण्याचा दाब मात्र पाहावा. यंत्रणा थंड असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा.

रेडिएटर वर गरम आणि खाली मधोमध थंड असेल तर तळाशी गाळ बसलेला असतो. पोलादाच्या गंजाचा हा काळा गाळ पाण्याची वाट अडवतो. अशा वेळी यंत्रणा धुऊन घेणे, पाण्यात गंजरोधक द्रव्य घालणे आणि परतीच्या पाईपवर चुंबकीय गाळणी बसवणे हा उपाय आहे. गाळ तसाच ठेवून नवा रेडिएटर बसवला तर काही काळाने त्याचीही तीच गत होते.

जवळचे रेडिएटर कढत आणि दूरच्या खोलीतील कोमट असतील तर पाण्याची वाटणी बिघडलेली असते. प्रत्येक रेडिएटरच्या एका टोकाला टोपीखाली झाकलेला लॉकशील्ड व्हॉल्व्ह असतो. जवळच्या रेडिएटरचे हे व्हॉल्व्ह थोडे आवळले की पाणी दूरवर पोहोचते. शेताच्या पाटात वरच्या वाफ्याचे दार थोडे लावले म्हणजे खालच्या वाफ्याला पाणी मिळते, तसाच हा प्रकार. यासाठी लागतात ती फक्त संयमाची दोन-तीन तासांची कामे.

एखादा रेडिएटर मुळीच तापत नसेल तर त्याच्या तापमान-नियंत्रक व्हॉल्व्हमधील खिळ अडकलेली असण्याचा संभव असतो. वरची मूठ काढून ती खिळ हलकेच खालीवर केली की पुष्कळदा ती सुटते. या चार तपासण्या केल्याशिवाय एकही नवा रेडिएटर विकत घेऊ नये.

खोलीची गरज मोजणे

दुकानदार खोलीची लांबी-रुंदी विचारतो आणि एक आकडा सांगतो. तो आकडा बहुधा सढळ असतो, कारण त्याला तक्रार नको असते. खरे पाहता खोली किती मोठी आहे यापेक्षा ती किती उष्णता गमावते हे महत्त्वाचे. हा हिशेब चक्रवाढ व्याजापेक्षा सोपा आहे.

उदाहरणादाखल तळमजल्यावरील बैठकीची खोली घेऊ. ती ४ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच आहे. तिची एकच भिंत बाहेरच्या बाजूला असून ती जुन्या पद्धतीची, भरीव विटांची आहे. तीत २ चौरस मीटरची, जुन्या दुहेरी काचेची खिडकी आहे. बाहेर उणे २ अंश सेल्सिअस असताना आत २० अंश हवे, म्हणजे फरक २२ अंशांचा झाला.

भरीव विटांच्या एक चौरस मीटर भिंतीतून प्रत्येक अंशाच्या फरकाला साधारण २ वॅट उष्णता बाहेर जाते. खिडकी वगळता भिंत ७.६ चौरस मीटर भरते. म्हणून ७.६ गुणिले २ गुणिले २२, म्हणजे सुमारे ३३४ वॅट. खिडकीसाठी दर २.८ धरला तर १२३ वॅट. जमिनीसाठी ०.७ धरला तर २१६ वॅट. फटींतून तासाला खोलीभर हवा एकदा बदलते असे मानले तर तिच्यासाठी आणखी २४४ वॅट. बेरीज झाली ९१७. थोडी वाढ ठेवून या खोलीची गरज १,००० वॅट मानावी.

आता हीच भिंत पोकळीची असून त्या पोकळीत उष्णतारोधक भरलेले आहे असे समजू. तिचा दर सुमारे ०.५५ इतका खाली येतो आणि भिंतीतून जाणारी उष्णता ३३४ वॅटवरून ९२ वॅटवर येते. एकूण गरज ९१७ ऐवजी ६७५ वॅट होते. म्हणून पोकळी भरणे, पोटमाळ्यावर रोधकाचा जाड थर घालणे, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे ही कामे रेडिएटरच्या खरेदीपूर्वी करावीत. गळक्या हंड्यासाठी मोठा नळ घेण्यात शहाणपण नाही.

रेडिएटरची निवड

ब्रिटनच्या दुकानांत साध्या पोलादी रेडिएटरचे तीन प्रमुख प्रकार दिसतात: ११, २१ आणि २२. पहिला अंक पाणी खेळणाऱ्या पॅनेलची संख्या सांगतो, दुसरा अंक पन्हळी पत्र्यांच्या ओळींची. ६०० मिलिमीटर उंच आणि १,००० मिलिमीटर लांब रेडिएटर घेतला तर ११ प्रकार साधारण १,००० वॅट, २१ प्रकार १,३०० वॅट आणि २२ प्रकार १,७०० वॅट उष्णता देतो. उत्पादकानुसार यात थोडा फरक पडतो. काही ठिकाणी उष्णता बीटीयूमध्ये लिहिलेली असते. त्या आकड्याला ३.४१ ने भागले की वॅट मिळतात.

येथे एक खाचखळगा आहे. वरील आकडे ईएन ४४२ या युरोपीय मानकानुसार आहेत. त्यात रेडिएटरमधील पाण्याचे सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० अंशांनी अधिक धरलेले असते, म्हणजे पाणी ७५ अंशांनी आत शिरते, ६५ अंशांनी बाहेर पडते आणि खोली २० अंशांवर असते. काही विक्रेते ५० ऐवजी ६० अंशांचा फरक धरून आकडा छापतात. त्याने तोच रेडिएटर सुमारे २७ टक्के अधिक ताकदवान भासतो. दोन दुकानांतील किमतींची तुलना करण्यापूर्वी दोन्ही आकडे एकाच फरकाचे आहेत ना, हे पाहणे अगत्याचे आहे. एक दुकानदार किलोवर आणि दुसरा पौंडावर भाव सांगत असेल तर आपण तुलना कशी करू? तसेच हे.

आणखी एक मुद्दा याहून मोलाचा आहे. २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये बसवले जाणारे गॅस बॉयलर काही अपवाद वगळता कंडेन्सिंग प्रकारचे असतात. धुरातील वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता ते परत मिळवतात. हे घडण्यासाठी रेडिएटरकडून परत येणारे पाणी साधारण ५५ अंशांपेक्षा थंड असावे लागते. पाणी ७५ अंशांवर फिरवले तर महाग बॉयलर घेऊनही त्याचा हा गुण वाया जातो. म्हणून पाणी ५५ अंशांनी पाठवावे आणि ते ४५ अंशांनी परतावे, हे उत्तम. मात्र तेव्हा रेडिएटर खोलीपेक्षा सरासरी ३० अंशांनीच अधिक गरम असतो आणि त्याची उष्णता निम्म्यावर येते.

आपल्या उदाहरणातील १,००० वॅटच्या खोलीला कढत पाण्यावर २२ प्रकारचा ६०० मिलिमीटर लांबीचा रेडिएटर पुरतो. कोमट पाण्यावर तीच ऊब हवी असेल तर १,२०० मिलिमीटर लांबीचा लागतो. दोघांच्या किमतींतील फरक एकदाच द्यावा लागतो, तर गॅसची बचत दर हिवाळ्यात होते. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनीही जून २०२२ पासून नवी किंवा संपूर्ण बदललेली यंत्रणा ५५ अंशांपर्यंतच्या पाण्यावर चालेल अशी आखावी, असे सांगितले आहे. पुढे गॅस सोडून उष्मापंप बसवायचा झाला तर मोठे रेडिएटर तेव्हाही उपयोगी पडतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये उष्मापंपासाठी ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंडांचे सरकारी अनुदान सुरू झाले. ते घेण्याचा मनोदय असलेल्यांनी आज लहान रेडिएटर घेऊन उद्या पुन्हा बदलण्याची पाळी आणू नये.

खर्च आटोक्यात ठेवण्याचे काही साधे मार्ग आहेत. ६०० मिलिमीटर उंचीचे पांढरे पोलादी रेडिएटर सर्वत्र साठ्यात असतात, म्हणून ते स्वस्त पडतात. जुन्या ११ प्रकाराच्या जागी त्याच लांबीचा २२ प्रकार बसवला तर उष्णता सुमारे ७० टक्क्यांनी वाढते आणि जमिनीखालील पाईप हलवावे लागत नाहीत. भिंतीपासूनचे अंतर थोडे बदलते, तेवढाच फेरफार. मजुरीत मोठा वाटा यंत्रणेतील पाणी काढण्याचा आणि पुन्हा भरण्याचा असतो. म्हणून दोन-तीन रेडिएटर बदलायचे असतील तर एकाच खेपेस बदलावेत आणि त्याच वेळी पाण्यात गंजरोधक द्रव्य घातले जाईल, हे दरपत्रकात लिहून घ्यावे.

शोभेच्या उभ्या किंवा रंगीत रेडिएटरची किंमत साध्याच्या कित्येक पट असते. किंमत भागिले वॅट असा भाव काढला की खरे चित्र दिसते. समजा, साधा रेडिएटर ९० पौंडांना १,७०० वॅट देतो आणि शोभेचा २८० पौंडांना १,१०० वॅट देतो. पहिल्यात हजार वॅटला ५३ पौंड पडतात, दुसऱ्यात २५५. न्हाणीघरातील टॉवेल वाळवण्याच्या चकचकीत क्रोमच्या जाळीची उष्णता त्याच आकाराच्या पांढऱ्या जाळीपेक्षा कमी असते. थंड न्हाणीघराची तक्रार पुष्कळदा येथूनच उद्भवते.

जुन्या बाजारातील पोलादी रेडिएटर स्वस्त मिळतो, पण आतील गंज बाहेरून दिसत नाही. विक्रेत्याने तो दाबाखाली तपासून दिला नसेल तर घेऊ नये. बिडाचे जुने रेडिएटर देखणे असतात. परंतु ते अत्यंत जड असतात, सावकाश तापतात आणि त्यांच्या जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते.

विजेवर चालणाऱ्या हीटरच्या जाहिरातींबाबतही सावध राहावे. तेल भरलेला असो, दगडी असो वा आकर्षक काचेचा, १,००० वॅटचा कोणताही विद्युत हीटर तासाला एक युनिट वीज घेतो आणि तितकीच उष्णता देतो. ब्रिटनमध्ये विजेचे युनिट गॅसच्या युनिटपेक्षा सुमारे चौपट महाग आहे. क्वचित वापरावयाच्या खोलीत तासाभरासाठी असा हीटर ठीक, पण रोजच्या वापराला तो परवडत नाही.

नियंत्रणे: लहान खर्च, मोठा परिणाम

पूर्ण नियंत्रणासाठी तीन गोष्टी हव्यात: वेळ ठरवणारे घड्याळ, घराचे तापमान पाहून बॉयलरला थांबवणारा खोलीतील थर्मोस्टॅट आणि प्रत्येक रेडिएटरवरचा तापमान-नियंत्रक व्हॉल्व्ह. ज्या खोलीत मुख्य थर्मोस्टॅट असेल तेथील रेडिएटरवर मात्र असा व्हॉल्व्ह नसावा, किंवा असल्यास पूर्ण उघडा ठेवावा. अन्यथा दोन नियंत्रणे एकमेकांशी भांडत बसतात.

रेडिएटरवरील व्हॉल्व्हवर बहुधा १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश. हे आकडे नळाच्या चावीसारखे नाहीत. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही. ती फक्त गरजेपेक्षा अधिक तापेपर्यंत तापत राहते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ३० वर नेल्यानेही ऊब लवकर येत नाही. घरातील प्रत्येकाला, विशेषतः भारतातून आलेल्या पाहुण्यांना, एवढे समजावून सांगितले तरी बिलात फरक पडतो. व्हॉल्व्हवर पडदा किंवा सोफा येऊ देऊ नये, कारण त्याच्या आड कोंडलेली गरम हवा त्याला फसवते.

भ्रमणध्वनीवरून चालणारी ‘स्मार्ट’ नियंत्रणे घ्यावीत का? यासाठी परतफेडीचा काळ काढावा. ऊर्जा-नियामक ऑफजेमने २०२३ मध्ये मध्यम घराचा वार्षिक गॅसवापर ११,५०० युनिट धरला होता. समजा, युनिटचा दर ६ पेन्स आहे. वर्षाचा खर्च स्थिर आकार वगळता ६९० पौंड होतो. नियंत्रणांनी ८ टक्के बचत झाली असे मानले तर वर्षाला सुमारे ५५ पौंड वाचतात. सहा साधे व्हॉल्व्ह १२० पौंडांना पडले तर ते दोन-सव्वादोन वर्षांत फिटतात. सहा स्मार्ट मुठी ३०० पौंडांच्या असतील तर साडेपाच वर्षे लागतात, आणि त्यांच्या बॅटऱ्या व काही कंपन्यांचे वार्षिक शुल्क त्यात वेगळे. ज्या घरात येण्याजाण्याच्या वेळा अनिश्चित आहेत तेथे स्मार्ट यंत्रे उपयोगी पडतात. ठरावीक वेळापत्रकाच्या घरात साधी पुरतात. जुन्या व्हॉल्व्हचे धड चांगले असेल तर केवळ वरची मूठ बदलता येते. अनेक व्हॉल्व्हवर ३० मिलिमीटर व्यासाचा ठरावीक आटा असतो, तो जुळतो का एवढे पाहावे.

नवा थर्मोस्टॅट घेताना तो बॉयलरला नुसते चालू-बंद करतो की पाण्याचे तापमान कमी-अधिक करण्याची सूचनाही देऊ शकतो, हे विचारावे. दुसऱ्या प्रकारात बॉयलर सारखा पेटत-विझत राहत नाही, मंद आचेवर चालतो. त्यासाठी दोन्ही यंत्रांना ओपनथर्मसारखी सामाईक भाषा यावी लागते, म्हणून बॉयलरची पुस्तिका आधी तपासावी. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून नव्या गॅस बॉयलरसोबत वेळ व तापमान यांचे नियंत्रण देणे बंधनकारक आहे.

कराचा मुद्दाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२७ या काळात घरात ऊर्जाबचतीची साधने कंत्राटदाराने बसवून दिल्यास मूल्यवर्धित कराचा दर शून्य आहे. तापमान-नियंत्रक व्हॉल्व्ह व थर्मोस्टॅट त्यात येतात, साधे रेडिएटर येत नाहीत. तीच वस्तू दुकानातून स्वतः विकत घेतली तर पूर्ण कर लागतो. म्हणून दरपत्रकात या दोन बाबी वेगवेगळ्या दाखवून घ्याव्यात.

श्रावकाचे वेळापत्रक

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्रमादचर्या हा एक आहे. निष्प्रयोजन भूमी खणणे, पाणी सांडणे, अग्नी चेतवणे या गोष्टी त्यात येतात. थंड देशात घर तापवणे ही गरज आहे, त्यात दोष मानण्याचे कारण नाही. पण कोणी नसलेल्या खोलीत दिवसभर आच चालू ठेवणे हे निष्प्रयोजन अग्नी चेतवण्याचेच आधुनिक रूप होय. बिल परवडते म्हणून ते चालवून घ्यावे, असे श्रावकाचार सांगत नाही.

आपल्या आचाराशी हे वेळापत्रक सहज जुळते. डिसेंबरमध्ये लेस्टरला सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो. रात्रिभोजनाचा त्याग पाळणारी कुटुंबे निदान सुट्टीच्या दिवशी साडेतीनपूर्वी जेवून घेतात. म्हणजे त्या दिवशी स्वयंपाकघर दुपारीच वापरात असते आणि चुलीच्या उष्णतेने तापलेले असते. तेथील व्हॉल्व्ह तेव्हा २ वर ठेवता येतो. पहाटेच्या सामायिकासाठी एकाच खोलीत अर्धा तास आधी ऊब सुरू करावी, सगळे घर जागे करण्याची गरज नाही. कामाच्या दिवशी सर्व जण बाहेर असताना घर १५-१६ अंशांपर्यंत निवू द्यावे. मात्र कोणतीही खोली पूर्णपणे गार ठेवू नये, कारण थंड भिंतीवर ओल धरते आणि बुरशी येते. रेडिएटरवर ओले कपडे वाळत घालण्याची सवयही याच कारणाने सोडावी.

बाळ, वृद्ध आणि ऊब

काटकसरीला एक मर्यादा आहे. थंडीच्या ऋतूत घरातील तापमान १८ अंशांखाली जाऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली. बाळंतपणासाठी येथून गेलेल्या आई-वडिलांना, विशेषतः रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांना, २०-२१ अंश लागू शकतात. ते मोकळेपणाने मागावे. संकोचाने दोन स्वेटर घालून कुडकुडण्यात पुण्य नाही.

बाळाच्या बाबतीत मात्र आपली समजूत उलट दिशेने चुकते. आजी बाळाला गुंडाळते, डोक्यावर टोपी घालते आणि रेडिएटर पूर्ण उघडते. ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शन बाळाच्या झोपण्याच्या खोलीसाठी १६ ते २० अंश तापमान सांगते, कारण अति उष्णतेचा संबंध झोपेतील आकस्मिक बालमृत्यूच्या वाढत्या धोक्याशी आढळलेला आहे. बाळाचा पाळणा रेडिएटरलगत ठेवू नये, घरात झोपलेल्या बाळाला टोपी घालू नये आणि खोलीत साधा तापमापक टांगावा. आजीच्या मायेला तेवढ्या आकड्याची जोड पुरेशी आहे.

दरपत्रकावर सही करण्यापूर्वी

गॅस बॉयलरला हात लावणाऱ्या कारागिराचे नाव गॅस सेफ नोंदवहीत असणे कायद्याने आवश्यक आहे. त्याचे ओळखपत्र मागण्यात संकोच करू नये. निदान तीन दरपत्रके घ्यावीत आणि प्रत्येकाला हेच प्रश्न विचारावेत. खोलीनिहाय उष्णतेची गरज वॅटमध्ये काढली आहे का? रेडिएटरचे आकडे ५० अंशांच्या फरकावरचे आहेत का? पाणी किती अंशांवर फिरवण्याचे योजले आहे? यंत्रणा धुणे, गंजरोधक घालणे आणि शेवटी पाण्याची वाटणी जुळवणे या कामांचा समावेश आहे का? नियंत्रणांचा आणि रेडिएटरचा खर्च वेगळा दाखवला आहे का? रेडिएटरची हमी किती वर्षांची आणि ती कोणत्या अटींवर?

काम झाल्यावर बॉयलरवरील पाण्याचे तापमान थोडे थोडे खाली आणून पाहावे. ७० वरून ६५, मग ६०, मग ५५. ज्या आकड्यावर सर्वांत थंड दिवशीही खोल्या पुरेशा उबदार राहतात, तो आपल्या घराचा आकडा. ज्या घरात गरम पाण्याची साठवण-टाकी आहे तेथे रोगजंतूंच्या भीतीमुळे टाकीतील पाणी ६० अंशांवरच ठेवावे लागते. त्यामुळे तेथे हा बदल कारागिराला विचारूनच करावा. दर महिन्याला मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. मागील हिवाळ्याचा आणि या हिवाळ्याचा आकडा शेजारी शेजारी आला की केलेला खर्च फिटतो आहे की नाही, हे त्याच वहीत दिसेल.